मैनाचा हात

माझी धाकटी जाऊ मैना जिल्हा परिषदेत निवडून गेली होती, असं घरातल्या नव्या सुनांना सांगितलं की त्या एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना मैना म्हणजे ओट्यावर बसून गजरे ओवणारी धाकली सासू, एवढंच ठाऊक. पण मी हे कुणाकडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खिडकीच्या काचेला हात लावून उभी होते मी. तिचा हात वर गेला तेव्हा माझं जे तोंड उघडं पडलं, ते आमची वस्ती येईपर्यंत मिटलं नाही.

मैना सटाण्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिचं निम्मं बोलणं आम्हाला कळायचं नाही. 'आहे' म्हणायला ती 'शे' म्हणायची. 'पानी शे का?' असं तिने विचारलं की माझी नणंद पदरात तोंड खुपसून हसायची. सासूबाई, सगुणाबाई त्यांचं नाव, नणंदेला दटावायच्या, "शे म्हणू दे नायतर हाय म्हणू दे. कामाला तुम्हा दोघींना भारी हाय ती." त्या दोघींतली दुसरी मी. तेव्हा राग आला होता, पण खोटं नव्हतं ते.

आमचं माळ्याचं घर. नाशिकहून गिरणाऱ्याकडे रस्ता जातो, त्याच्या आत आमची वस्ती. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर. तांबडं फुटायच्या आत फुलं तोडायची, पाट्या भरायच्या आणि नाशकात गोदेकाठी, गंगेवरच्या बाजारात न्यायच्या. बाजारात मैना वेगळीच बाई व्हायची. तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जाईल असा. गिऱ्हाईक दोन पावलं पुढे गेलं तरी त्याला मागे ओढून आणणारा. घरी आली की डोक्यावर पदर, आणि थोरल्यांसमोर तोंडातून शब्द नाही. मी एकदा तिला म्हटलं, "बाई गं, तो आवाज तू बाजारातच ठेवून येतेस का?" तर म्हणाली, "आक्का, घरी कोणाला विकू?"

आमच्या वस्तीला एकच दुखणं होतं. वस्ती आणि सडक यांच्या मधोमध ओहोळ. उन्हाळ्यात नुसते गोटे, पावसाळ्यात गळ्याएवढं पाणी. त्यावर पूल नाही. पाणी चढलं की पोरांची शाळा बंद, फुलं पाटीतच काळी पडायची, आणि आजारी माणसाने आजारीच राहायचं. आमच्या भागात मोठे पुढारी म्हणजे लहानूआबा. द्राक्षबागा, शीतगृह, पांढरी जीप. दर निवडणुकीला आबा त्या गोट्यांवर उभे राहायचे आणि म्हणायचे, "पुढच्या पावसाळ्यात तुम्ही इथून कोरड्या पायांनी जाल." आम्ही टाळ्या वाजवायचो. आबांचा पुढचा पावसाळा काही येत नव्हता.

सत्त्याण्णव साली आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. मैनाचा नवरा सोमनाथ, म्हणजे माझा दीर, त्या पदावर किती वर्षं डोळा ठेवून होता. पांढरे कपडेसुद्धा शिवून ठेवलेले. बातमी आली तसा तो ओसरीवर मटकन बसला. मला वाटलं याला झटका बिटका आला. पण दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी गुणगुणत दाढी करतेय. मला म्हणाला, "वहिनी, मैनाला उभी करतो. नाव तिचं, काम माझं."

मैना तिथेच भाकऱ्या थापत होती. "मला?" एवढंच म्हणाली.

"मग काय वहिनींना करू?" सोमनाथ हसला. "तू फक्त सही करायची."

अशी ती सरपंच झाली. म्हणजे सरपंच सोमनाथ झाला. लोक त्यालाच 'सरपंच' म्हणून हाक मारायचे आणि तो ओ द्यायचा. पंचायतीत खुर्चीवर तो बसायचा, मैना भिंतीशी सतरंजीवर. ठराव आला आणि हात वर करा म्हटलं की सोमनाथचा हात सगळ्यांच्या आधी वर. मैनाचा हात पदरातून बाहेर येईपर्यंत ठराव मंजूर होऊन चहा आलेला असायचा. सह्यांचे कागद घरी चुलीपर्यंत यायचे. "थांबा, हात धुते," ती म्हणायची. "राहू दे, कर तशीच," तो म्हणायचा. आमच्या पंचायतीच्या त्या वेळच्या कागदांना पीठ लागलेलं सापडेल.

मग नव्व्याण्णवचा भादवा आला. माझी सून छाया पहिलटकरीण, माहेरी जायची होती पण कळा आधीच सुरू झाल्या. ट्रॅक्टरला ट्रॉली लावली, ट्रॉलीत गादी टाकली, वर ताडपत्री धरली. ओहोळापाशी गेलो तर पाणी नुसतं लोटत होतं. सोमनाथने ट्रॅक्टर घालून पाहिला, पुढची चाकं उचलली जायला लागली तसा मागे घेतला. पलीकडे सडक दिसत होती. सडकेवरून एसटी गेलेली दिसली. आम्ही इकडे. पाणी उतरलं तेव्हा आम्हाला दवाखान्याची घाई राहिली नव्हती. मुलगी होती. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं.

त्या सगळ्या वेळात छायाचा हात मैनाच्या हातात होता. पुढच्या बैठकीला मैना पंचायतीत गेली आणि खुर्चीपाशी उभी राहून सोमनाथला म्हणाली, "उठा."

सोमनाथला वाटलं काहीतरी पडलंय खुर्चीखाली. तो उठला, वाकून बघायला लागला. ती बसली. म्हणाली, "पुलाचा ठराव लिहा." ग्रामसेवकाने सोमनाथकडे पाहिलं. मैना म्हणाली, "तिकडं काय बघता? खुर्ची इकडं हाय." मी हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली परात खाली पडली.

ठराव वर गेला आणि खरंच पूल मंजूर झाला. आम्ही पेढे वाटले. मग दिवाळीनंतर कळलं की आमच्या पुलाचं काम दुसरीकडे वळवलंय. कुठे? तर आबांच्या शीतगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथे एक पाट होता, लहान पोरगं उडी मारून जाईल एवढा. त्याच्यावर पूल झाला. पुरात वाहून गेलेले पूल मी पाहिलेत, पण बांधायच्या आधीच वाहून गेलेला तो पहिलाच.

दोन हजार दोन साली आमचा जिल्हा परिषदेचा गट बायकांसाठी सुटला. आबांच्या माणसांनी तिकीट दुसऱ्याच बाईला दिलं. सोमनाथ इरेला पेटला. "मैना अपक्ष उभी राहील!" चिन्ह मिळालं कपबशी. सगळ्या पुढाऱ्यांना तिनेच तर चहा पाजला होता इतकी वर्षं, मी म्हटलं शोभतंय. छापलेल्या कागदावर सोमनाथचा फोटो एवढा मोठा, आणि खालच्या कोपऱ्यात कपबशीशेजारी मैना, बशीएवढी. पण प्रचाराला ती स्वतःच्या पायाने फिरली. फुलं तोडणाऱ्या बायकांत बसायची, त्यांच्याबरोबर तोडायची, आणि एकच बोलायची: ओहोळावर पूल. दुसरं काही तिला बोलता यायचंच नाही. आणि ती निवडून आली! निकाल सांगणाऱ्या माणसाला सोमनाथने परत एकदा विचारलं, "कोण? नक्की मैना?" स्वतःच उभी केलेली, आणि त्यालाच खरं वाटेना.

आता खरी गोष्ट. जिल्हा परिषदेत कुठल्याच पक्षाचं बहुमत जमेना. अपक्षांना भाव आला. अध्यक्ष व्हायला एका बाजूने शेजारच्या गटातून निवडून आलेले लहानूआबा उभे आणि दुसऱ्या बाजूने चंद्रभागा नावाची एक बाई, हरसूलकडची. आबांची पांढरी जीप ओहोळातल्या गोट्यांवरून धडधडत आमच्या दारात आली. मैना निवडून आलेली, पण आबा बसले सोमनाथजवळ. बाजार समितीत तुम्हाला घेतो म्हणाले. सोमनाथची छाती सदऱ्यात मावेना.

मैना चहा घेऊन आली. दारातच थांबून म्हणाली, "आबा, पुलाचं काय?"

आबा हसले. "अहो वहिनी, आधी अध्यक्ष तर होऊ द्या. मग एक काय, दोन पूल बांधू. एकावरून जा, दुसऱ्यावरून या."

सगळे हसले. मैनाने कपबश्या गोळा केल्या.

तेव्हा एक रीत पडली होती. निवडून आलेल्या लोकांना मतदानापर्यंत गाडीत घालून लांब थंड हवेच्या ठिकाणी न्यायचं, खाऊपिऊ घालायचं, दुसऱ्या गटाचा वारा लागू द्यायचा नाही. पेपरात त्याला सहल म्हणायचे. आबांची बस आली. मी मैनाची पिशवी भरायला घेतली, स्वेटर काढला. तर आबांचा माणूस म्हणतो कसा, "वहिनींना कशाला थंडीत कुडकुडवायचं? सोमनाथराव आले म्हणजे वहिनी आल्याच!"

मला हसावं का रडावं कळेना. बसमध्ये डोकावून बघते तर जिथे जिथे बाई निवडून आलेली, तिथे तिथे तिचा नवरा बसलेला. कानटोप्या घालून. कुसाबाई म्हणून आणखी एक बाई निवडून आली होती, तिचा नवरा तर पुढच्याच सीटवर पुऱ्या खात होता. म्हणजे ज्यांना मत आहे त्या सगळ्या घरी मेथी खुडतायत, आणि ज्यांना मत नाही त्यांच्यावर पहारा!

बस थेट गेली नाही. आधी गावाबाहेरच्या टेकडीवर खंडोबाला गेली. तिथून सोमनाथ राहिलेलं सामान घ्यायला परत आला, तो कपाळभर भंडारा.

"हे काय रे?" मी विचारलं.

"बेल-भंडार उचलला, वहिनी. सगळ्यांनीच."

आमच्यात बेल-भंडार म्हणजे खेळ नाही. ओंजळीत बेल आणि हळद घेऊन देवापुढे शब्द दिला की तो मोडणारा माणूस सुखाने घास खात नाही. खंडोबा आमचा घरचा देव. "काय म्हणून उचललास?"

"हेच की, माझा हात आबांसाठीच वर जाईल."

"अरे पण मत मैनाचं!"

"वहिनी, नवरा-बायकोत माझं-तुझं असतं का?" असं म्हणून स्वेटर बगलेत मारून तो गेला. मैनाचा स्वेटर.

मैना चुलीपुढे बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "आक्का, बेल-भंडार मोडला तर मल्हारी कोणाला धरील?"

"उचलला त्याला."

"म्हणजे यांना." तिने चुलीत लाकूड सारलं. त्या दिवशी कळलं मला, ही कशाच्या मध्ये सापडली आहे. एकीकडे ओहोळ, दुसरीकडे नवरा. सोमनाथ मिरवणारा होता, पण वाईट नव्हता. तिला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. बाजारातून येताना तिच्यासाठी चुरमुऱ्यांचा भत्ता आणायचा, पुडीतले शेंगदाणे तिला वेचून द्यायचा. त्याला देवाच्या तोंडी देऊन पूल घ्यायचा, का पूल सोडून द्यायचा?

दोनेक दिवसांनी आम्ही शेवंती तोडत होतो तर बांधावरून एक बाई लंगडत आली. अंगावर साधं लुगडं, हातात एक तुटलेली चप्पल. मला वाटलं कामाला आली कुणी. म्हणाली, "मैनाबाईचा मळा हाच का? मी चंद्रभागा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. अध्यक्ष व्हायला निघालेली बाई आणि एसटीने येऊन पायी? चंद्रभागा बांधावर बसली आणि पाय चोळायला लागली. "तुमच्या ओहोळातल्या गोट्यांवर घसरले गं बाय. आता हे असं, तर पावसाळ्यात काय करता?"

छाया आमच्यातच होती. ती पाटी ठेवून घराकडे निघून गेली. मग मी सांगितलं चंद्रभागाला. तिने मध्ये एकदाही 'अरेरे' केलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पूल देते असं मी नाय म्हणत. आमच्याकडं पण समदे असंच म्हणून गेले. मी अध्यक्ष झाले तर पहिल्या बैठकीत तू ठराव मांड. कुणाला आडवं येऊ देणार नाय."

"शपथ?" मैनाने विचारलं.

"शपथ कशाला? पाय मोडलाय माझा तुझ्या ओहोळात. तोच आठवण ठेवील."

मैनाने गजऱ्याचा दोरा काढला आणि तिची चप्पल बांधून दिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

मतदानाच्या दिवशी घरातून निघताना मैना मला म्हणाली, "आक्का, तुम्ही बरोबर चला. आणि तिथे यांना माझ्या नजरेपुढे उभं करा. खिडकीशी." मला वाटलं पोर घाबरलीय, नवरा समोर असला की धीर येईल. मी हो म्हटलं.

सभागृहाच्या आवारात जत्रा भरलेली. आबांची बस आली, नवरे उतरले. थंड हवेने गाल तुकतुकीत झालेले, सोमनाथने तर काळा चष्मा घेतलेला. सगळे आत घुसायला लागले तसा दारातला शिपाई म्हणाला, "फक्त सदस्य."

"अरे मी सदस्यच!" कुसाबाईचा नवरा म्हणाला.

"नाव?"

त्याने बायकोचं नाव सांगितलं. शिपाई त्याच्या मिशांकडे बघत राहिला. नवरे बाहेर, बायका आत. मी सोमनाथचा दंड धरून त्याला व्हरांड्यातल्या खिडकीशी नेलं. त्याच्यामागे बाकीचे नवरेही आले. माझ्या खांद्यावर चार हनुवट्या.

आत मैना मधल्या रांगेत बसली होती. पदर सारखा करून तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. सोमनाथला पाहिलं. मग खाली मान घालून बसली. मतदान हात वर करून व्हायचं होतं. निवडणूक घ्यायला आलेले साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "श्री. लहानूआबांच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

आत हात वर झाले. आणि माझ्या कानाशी सूं करून काहीतरी गेलं. बघते तर सोमनाथचा हात! खिडकीबाहेर, व्हरांड्यात, सोमनाथ हात वर करून ताठ उभा. त्याचं बघून कुसाबाईच्या नवऱ्याचाही हात वर. मी म्हटलं, "अरे, तुझा कोण मोजतंय?" त्याला ऐकूच आलं नाही. तो आत बघत होता. आतमध्ये मैनाचा हात मांडीवर होता.

"मैना!" सोमनाथ काचेवर बोट वाजवायला लागला. "मैना, हात! हात!"

साहेबांनी हात मोजले, लिहून घेतले. मग म्हणाले, "श्रीमती चंद्रभागा यांच्या बाजूने."

मैनाने पुन्हा खिडकीकडे पाहिलं. सोमनाथचा हात अजून वरच होता, खाली घ्यायचं भान त्याला नव्हतं. ते तिने नीट पाहिलं. आणि मग पदरातून तिचा हात निघाला आणि वर गेला. सावकाश नाही. बाजारात लांबच्या गिऱ्हाइकाला बोलवायला जातो तसा, सरळ, कोपरात न वाकता.

मग पलीकडच्या खुर्चीवर कुसाबाईने मैनाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि तिचाही हात वर आला. माझ्या खांद्यावरची एक हनुवटी निघून गेली. मागे वळून बघते तर कुसाबाईचा नवरा भिंतीला टेकून खाली बसलेला.

आबा उठून उभे राहिले. तोंड लालबुंद. "हे चालणार नाही! बेल-भंडार उचललाय यांनी देवापुढे!"

साहेब म्हणाले, "खाली बसा." आबा बसले नाहीत. मैनाकडे बोट करून म्हणाले, "देवाला तरी भ्या बाई! शब्द दिलाय तुम्ही!"

मैना उठली. तिला राग आला किंवा भीती वाटली की तिच्या तोंडी माहेरचं बोलणं यायचं. म्हणाली, "मी काही उचलेल नही, आबा. तुम्ही माले बोलावेल बी नव्हतं. हात मना शे." म्हणजे, हात माझा आहे. आणि तो आवाज! गंगेवरचा, फुलबाजारातला. घरात इतक्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता तो. खिडकीची काच थरथरली असं मी सांगते तर माझा मुलगा म्हणतो, आई, तू वाढवून सांगतेस. वाढवत नाही. माझा हात होता काचेवर.

चंद्रभागा अध्यक्ष झाली.

परत येताना टेम्पोत सोमनाथने चष्मा काढून खिशात ठेवला होता, चेहरा राखेसारखा. घरी येऊन बाजेवर पडला आणि म्हणाला, "आई, माझं आता काही खरं नाही. बेल-भंडार मोडला माझा. बाजार समिती गेली ती गेली, मी पण जाणार आता."

सासूबाई उठून बसल्या. त्यांचा खंडोबावर जीव. त्यांनी मैनाकडे जे पाहिलं, ते पाहून मी छायाला मागे घेतलं. "काय केलंस गं तू? नवऱ्याच्या जिवावर उठलीस?"

मैना डोक्यावर पदर घेऊन उभी. आवाज पुन्हा घरचा झालेला. "आत्याबाई, आक्कांना विचारा. यांनी हात वर केला की नाही?"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "केला की. आबांचं नाव घेतल्याबरोबर केला. सगळ्यांच्या आधी. खिडकीबाहेर."

"शपथ काय घेतली होती यांनी?"

"माझा हात आबांसाठीच वर जाईल," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख झालं. सोमनाथ बाजेवर उठून बसला.

सासूबाईंनी तोंडातलं पान एका गालात सारलं. मग म्हणाल्या, "मग मोडली कुठं? त्याच्या हाताची आण होती, त्याचा हात गेला वर. मल्हारी काय खुळा हाय व्हय, बाईचा हात कोणता न् बाप्याचा कोणता ते कळंना त्याला? उठ सोमनाथ. जेवून घे."

सोमनाथ मैनाकडे बघत होता. "म्हणून मला खिडकीशी उभं केलंस?"

"पाच वर्षं बघते पंचायतीत. हात वर करा म्हटलं की तुम्हाला राहवत नाही."

"आणि नसता केला तर?"

मैना म्हणाली, "तर मी पण नसता केला. तुम्हाला देवाच्या तोंडी देऊन पूल नको होता मला."

मी पदर तोंडाला लावून चुलीकडे गेले. घरात इतकी वर्षं राहून मला हिच्या पोटातलं काही कळलं नव्हतं.

सोमनाथ पुढे बरेच दिवस तिच्याशी बोलला नाही. माझ्याकडून निरोप द्यायचा. "वहिनी, तिला सांगा मीठ कमी आहे." ती समोरच. पण चंद्रभागा बोलल्याला जागली. पहिल्याच बैठकीत ठराव आला, मंजूर झाला, आणि वर्षभराने ओहोळावर खडीचे ढीग पडले. तेव्हा सोमनाथ छत्री घेऊन तिथे उभा राहायला लागला. मिस्त्रीला ओरडायचा, "वाळू चाळून घे! सदस्यबाईंचं काम आहे, सासऱ्याच्या घरचं नाही!" सदस्यबाई हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि मी पाट्यावर चटणी वाटता वाटता थांबले.

तिची पाच वर्षं संपली. पुढच्या वेळी, दोन हजार सात साली, आमचा गट सगळ्यांसाठी खुला झाला आणि सोमनाथ स्वतः उभा राहिला. या वेळी कागदावर मैनाचा फोटो मोठा आणि त्याचा कोपऱ्यात. तरी पडला. लोक तोंडावर म्हणाले, "वहिनी उभ्या असत्या तर मत दिलं असतं." तो महिनाभर फुगून बसला आणि मग तिच्याबरोबर बाजारात जायला लागला. आता पाट्या तो उचलतो, ओरडते ती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. पूल झाला त्याच वर्षीचा भादवा. छायाला पुन्हा दिवस गेले होते आणि पुन्हा ती ओहोळ भरायचा मुहूर्त धरून बसलेली. दुपारी कळा सुरू झाल्या. सोमनाथने शेजारची जीप आणली. एका बाजूला मी, एका बाजूला मैना, मध्ये छाया. ओहोळाचा आवाज घरापासूनच येत होता, तोच तो, घुमणारा. मला तो आवाज सोसेना. मी डोळे गच्च मिटले आणि मल्हारीचं नाव घेत बसले. जीप हलत होती, आवाज वाढत वाढत गेला आणि मग कमी झाला. मी वाट बघत होते, आता गाडी थांबेल, आता सोमनाथ मागे घेईल.

"ओहोळ आला का रे?" मी विचारलं.

"ओहोळ? मागं गेला की, वहिनी. डोळे उघडा."

उघडले तर सडक. बाजूने एसटी चाललेली. माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं, "थांब, थांब सोमनाथ, गाडी थांबव, मला बघू दे तरी!"

त्यावर मैना बाजारातल्या आवाजात ओरडली, "आक्का, आधी पोर तर होऊ द्या!"

ती पोर म्हणजे आमची आरोही. पूल मी येताना पाहिला.